डेअरीच्या आवाराचा ढाळ

मु. कातरवाडी, ता. तुळजापूर, जि. उस्मानाबाद
रविवार, १३ सप्टेंबर १९८१

तीर्थरूप श्रीपतीदादा यांना धाकटी बहीण मथुरा हिचा वाकून जयभीम.

तुमची मान कशी आहे ते आधी कळवा. मागल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की दिवसभर टेबलावर वाकून रेघा मारल्यामुळं मान डावीकडं वळत नाही, आणि डावीकडच्या खुर्चीतल्या हेडक्लार्कला तुम्ही शिष्ट वाटायला लागला आहात. करडईच्या तेलात लसणाच्या चार पाकळ्या कढवून तेल कोमट असताना चोळा. (घरात तेल नसेल तर दुधाच्या ट्रकवाल्या आयुबभाईबरोबर पाठवते. सोलापुरात मिळतं ते नुसतं डब्यावर करडईचं असतं.) वहिनीला जयभीम सांगा, पोरांना गोड पापे द्या. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. आमचे हेही ठीक आहेत. डेअरीचं काम चालू होतं ते साडेतीन महिने घरात त्यांनीच भाकरी थापली. पहिला महिना त्या भाकरीला कडा नव्हत्या, दुसऱ्या महिन्यात मधला भाग नव्हता, आणि तिसऱ्या महिन्यात ती अशी टम्म फुगायला लागली की काम संपून आठ दिवस झाले तरी चुलीपुढं परत बसायचा विषय मी काढलेला नाही.

तर दादा, मुख्य बातमी ही की डेअरीचं आवार पुरं झालं. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद, सगळं काळ्या दगडाचं. त्यावर आता दुधाचा ट्रक उभा राहतो, बैलगाड्या उभ्या राहतात, सायकली उभ्या राहतात, आणि ज्यांना कुठंच जायचं नाही अशी माणसंही संध्याकाळी तिथंच येऊन उभी राहतात. तुम्ही एवढ्या कामातून वेळ काढून जो नकाशा पाठवलात त्याप्रमाणंच आम्ही सगळं केलं. लांबी तीच, रुंदी तीच, मुरुमाचा थर तोच, दगडाची जाडी तीच. तुमच्या एकाही रेघेला आम्ही धक्का लावला नाही. एक बाण तेवढा इकडचा तिकडं झाला. त्या बाणाचं पुढं सांगणारच आहे, तुम्ही उगीच आत्तापासून भुवया चढवू नका.

मागल्या वर्षीची हकिगत तुम्हाला अर्धीच ठाऊक आहे, कारण उरलेली अर्धी सांगायला नानासाहेबांना लाज वाटते. (नानासाहेब म्हणजे आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन. माणूस दिलदार, पण सोसायटीच्या कचेरीत अजून गादी-तक्क्या टाकून बसतो आणि आलेल्या प्रत्येकाला पायताणं बाहेर काढायला लावतो. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.) आमचा ओढा तुम्ही पाहिलाच आहे. वर्षातले अकरा महिने त्याला पाणी नसतं आणि बाराव्या महिन्यात त्याला काठ नसतो. मागल्या भादव्यात तो असाच एका दुपारी उठला आणि डेअरीच्या आवारात येऊन बसला. आवार काळ्या मातीचं. आयुबभाईचा ट्रक भरून तयार होता, नळदुर्गला दूध पोचवायचं होतं. चाकं निम्मी मातीत गेली. आठ बैल लावले, बैलही गुडघाभर गेले. ट्रक तीन दिवस जागचा हलला नाही. आयुबभाई तीन दिवस टपावर बसून होते, खाली उतरले की चप्पल मातीत राहायची. आणि दूध? नासायच्या आत गावानं ते घरोघर नेलं. तीन दिवस कातरवाडीत पाण्यापेक्षा दूध जास्त होतं. लोकांनी खवा केला, दही लावलं, खीर केली. ज्या घरात चहालासुद्धा दूध जात नव्हतं त्या घरची पोरं चौथ्या दिवशी खिरीचं नाव काढलं की पळून जायला लागली.

मग तालुक्याहून एक कंत्राटदार आला. त्यानं मातीवरच मुरूम पसरला, वरून पाणी मारलं, नारळ फोडला आणि गेला. वळवाच्या पहिल्याच सरीत तो मुरूम ओढ्याबरोबर निघून गेला. नारळाची करवंटी तेवढी राहिली. नानासाहेबांनी सभा बोलावली. आम्ही बायका दाराबाहेर उभ्या होतो, दूध घालायला आलो होतो म्हणून. आत नुसता खल चालला होता की कुणाला आणावं, सोलापूरचा आणावा की लातूरचा. मला राहवलं नाही. तुम्हाला माझी जीभ ठाऊक आहे. मी दारातूनच म्हटलं, "नानासायेब, आमी करतो की. बहात्तरला पाझर तलावावर दोन वर्सं खडी आमीच फोडली, सडकंचा दगड आमीच बशिवला. मुकादम नुसता छत्री धरून हुबा असायचा." सेक्रेटरी वीरप्पा यांनी ते बोलणं सभेच्या वहीत उतरवून घेतलं, छत्रीसकट. (वीरप्पांचं असंच आहे. सभेत कुणी शिंकलं तरी त्याची नोंद होते.)

काम मिळालं, पण दादा, माझ्या डोक्यात नुसतं काम नव्हतं. ते तुम्हाला आता सरळच सांगते. गेली दोन वर्षं आम्ही अकरा जणी तालुक्याला हेलपाटे घालतोय की आमची मजूर सोसायटी नोंदवून द्या. सोसायटी झाली की कुठलंही काम आम्हाला आमच्या नावानं घेता येईल. मुकादमाच्या दारात बसायला नको. रोजगार हमीवर आमचा मुकादम नावं लक्षात राहत नाहीत म्हणून आम्हाला ओळीनं आकड्यांनी हाका मारायचा. मी नऊ वर्षं 'ए सातवी' होते. विठाबाई आमच्यात सगळ्यात थोरली, तिला नातवंडं आहेत, ती 'ए पहिली' होती. मला ती सोसायटी किती हवी होती ते लिहायला बसले तर पत्र ओलं होईल. सहकार खात्याचे जे साहेब आहेत ते माणूस वाईट नाहीत. ते म्हणाले, "बाई, कागदावर सगळ्याच सोसायट्या चांगल्या दिसतात. एक काम पुरतं उभं करून दाखवा, मी स्वतः येऊन बघतो, पसंत पडलं तर तुमची फाईल पुढं पाठवतो." म्हणजे आवार पास तर सोसायटी पास. आवार नापास तर मी परत सातवी.

म्हणून तुम्हाला नकाशासाठी लिहिलं. तुमचा नकाशा आला त्या दिवशी गावात काय थाट झाला म्हणून सांगू! निळा कागद, पांढऱ्या रेघा. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या इंजिनियर भावानं काढलाय. (तुम्ही इंजिनियर नाही, आरेखक आहात, हे मला ठाऊक आहे. पण 'आरेखक' म्हटलं की लोक आजार असल्यासारखी चौकशी करतात.) नकाशात लिहिल्याप्रमाणं आम्ही काळी माती दोन फूट उकरून काढली. तिच्यावर दगड बसवला असता तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात फुगवटा, दोन वर्षांत आवाराचा डोंगर झाला असता. मग माळावरचा मुरूम आणून थराथरानं भरला, बैलांना दगडी रूळ जुंपून दाबला आणि वर दगड. सपाटी-ढाळ बघायची पाणसळ काही आमच्याकडं नव्हती. विठाबाईनं घरची पितळी परात आणली. परात दगडावर ठेवायची, काठोकाठ पाणी भरायचं, कुठल्या अंगानं सांडतं ते बघायचं. ज्या अंगाला सांडेल तो ढाळ. सांडलं नाही तर दगड उचलायचा आणि परत बसवायचा. साठ फुटांत ती परात किती वेळा भरली असेल! आमच्यातली सरदारबी तर शेवटी शेवटी जेवायला बसली तरी ताटातली आमटी कुठल्या अंगाला जाते ते बघायची.

आता तो बाण. तुमच्या नकाशात ढाळाचा बाण ओढ्याकडं होता. म्हणजे आवारात पडलेलं पाणी वाहून ओढ्यात जायचं. हे मी सगळ्यांना वाचून दाखवलं आणि दादा, आमच्या अकरा जणी माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी कुणाच्या घरातली घागर उचलून पालथी घातली. विठाबाई म्हणाली, "पानी भाईर काढून द्यायचं? कुणाला?" मी म्हटलं ओढ्याला. ती म्हणाली, "वड्यानं काय केलंय आपल्यासाटी?" सरदारबी म्हणाली, "पानी कू कोई हाकलता क्या? तेरा भाई सोलापूर में रहता, नळ का पानी पीता." (राग मानू नका, मी तिला दटावलं.) तुम्हाला आठवत असेल, डेअरीच्या आवारातच कचेरीच्या पायऱ्यांपासून दहा पावलांवर ती जुनी विहीर आहे. बहात्तरला आटली ती आटलीच. बैलांना पाणी पाजायला लांबून बादल्या आणाव्या लागतात. (पिण्याची विहीर वेगळी आहे, लगेच घाबरू नका.) विठाबाईचं म्हणणं एवढंच की ढाळ विहिरीकडं द्यायचा, विहिरीच्या तोंडाशी वाळू-गोट्यांचा खड्डा करायचा, त्यावर भोकाभोकाची शिळा टाकायची, म्हणजे पाणी गाळून आत पडेल. मी तुमची बाजू घेतली हो. मी म्हटलं, नकाशा म्हणजे नकाशा, शिकलेल्या माणसानं काढलाय, त्यात काही विचार असेल. ही तुमची बाजू सरदारबीचं पान चघळून होईपर्यंत टिकली. मग वीरप्पांनी वही काढली. ठराव चार: पाणी ओढ्याकडं न घालवता विहिरीकडं घ्यावे. सूचक विठाबाई, अनुमोदक सरदारबी, एकमतानं मंजूर. एकमतानं म्हणजे माझाही हात वर होता. खरं सांगू का दादा, बहात्तरला मी घागरभर पाण्यासाठी दोन कोस चालले आहे. तो हात मी वर केला नाही, तो आपोआप गेला.

साहेब परवाच्या गुरुवारी आले. जीपमधून उतरले, आवार बघून जरा थबकले, दगडावर बूट आपटून बघितले. काळे, नाडीचे, चकचकीत बूट. टेप लावून लांबी मोजली, रुंदी मोजली, एक दगड उचकटून बघायला सांगितला. तो कुणालाच उचकटला नाही. साहेब म्हणाले, "काम बरं दिसतंय. ढाळ मोजायचं यंत्र मात्र ऑफिसात राहिलं, त्यासाठी परत यावं लागेल." आमच्याकडं साहेबांचं 'परत' म्हणजे दुसरा पावसाळा. नानासाहेबांनी त्यांना चहाला कचेरीत नेलं. गादी-तक्क्या असल्यामुळं साहेबांना बूट काढावे लागले. नानासाहेबांचं करकर वाजणारं नवं पायताण, साहेबांचे बूट, सगळ्या पंच कमिटीच्या वहाणा, वीरप्पांच्या टायरच्या चपला, सगळं खालच्या पायरीशी ओळीनं लागलं. आम्ही अकरा जणी बाहेर भिंतीला टेकून उभ्या. तीन वाजले असतील. ऊन लख्ख होतं.

आणि दादा, उत्तरा नक्षत्र लागायच्या आधीच आभाळ फुटलं. थेंब नाही, सर नाही, एकदम ओतायलाच लागलं. बघता बघता आवारावर पाण्याचा पातळ पडदा झाला आणि तो सरकायला लागला. कुठं खळगा नाही, कुठं थांबणं नाही, सगळं पाणी एकसारखं विहिरीकडं. आणि त्या पाण्याबरोबर पायरीशी लागलेली पायताणं निघाली. सगळ्यात पुढं साहेबांचे दोन बूट, नावेसारखे, शेजारी शेजारी. मागं नानासाहेबांचं पायताण, त्यामागं पंच कमिटी. वीरप्पांच्या टायरच्या चपला जड असल्यामुळं त्या पायरीशीच राहिल्या. एकही वहाण आडवी गेली नाही, एकही कुठं गोल फिरली नाही. साहेब हातात कपबशी घेऊन दारात आले आणि आपले बूट सरळ रेषेत विहिरीकडं जाताना बघत उभे राहिले. मग म्हणाले, "यंत्राची काही गरज दिसत नाही."

इथपर्यंत सगळं झकास होतं. पुढं मात्र ती सगळी पायताणं भोकाच्या शिळेवर जाऊन बसली आणि भोकं बुजली. पायताणं दारात असतात आणि पाणी दारावरूनच जाणार, हे साडेतीन महिन्यांत अकरा जणींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. पाणी तुंबायला लागलं. घोट्यापर्यंत आलं, पहिली पायरी बुडाली, दुसरी बुडाली. साहेब पँट वर धरून गादीवर चढले. नानासाहेब त्यांच्या मागं तक्क्यावर. मला वाटलं संपलं, सोसायटी गेली, हा माणूस आता इथून थेट मोटारीत बसेल आणि आमची फाईल कपाटाच्या मागं टाकेल. तेवढ्यात सरदारबीनं पदर खोचला आणि पाण्यात उडी घेतली. ती एकेक पायताण शिळेवरून उपसायची आणि ओरडायची, "ये किसका? नानासायेब, तुमचा उजवा! सायेब, तुमचा डावा घ्या!" आणि कचेरीत फेकायची. साहेबांनी डावा बूट हवेत झेलला. (कमिटीतल्या दोघांना दुसऱ्याची वहाण मिळाली आहे, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.)

शेवटची वहाण निघाली आणि भोकं मोकळी झाली. मग तो आवाज आला, दादा. पाणी विहिरीत पडायला लागलं, उंचावरून, धो धो. नऊ वर्षं त्या विहिरीत आम्ही खडा टाकला की नुसतं टक्क वाजायचं. पावसात भिजत सगळं गाव धावत आलं आणि विहिरीच्या कठड्याला कान लावून उभं राहिलं. विठाबाई रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. मी पण रडले, लपवत नाही. साहेब पायात एकच बूट घालून कठड्याशी आले, वाकले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग मागं वळून त्यांनी ओढा बघितला. ओढा आला होता, मागल्या वर्षीसारखाच उसळून. पण ढाळ विहिरीकडं दिल्यामुळं आवाराची ओढ्याकडची कड उंच झाली होती. ओढा त्या कडेपाशी येऊन थांबला, चार बोटं खाली. ढाळ तुमच्या बाणाप्रमाणं दिला असता तर ती कड खाली राहिली असती आणि ओढा पाहुण्यासारखा थेट कचेरीत येऊन गादीवर बसला असता. हे मी तुम्हाला हिणवायला लिहीत नाही. साहेब म्हणाले म्हणून लिहिते.

आयुबभाईंनी पाऊस थांबल्यावर ट्रक आत आणला, आवारात दोनदा गोल फिरवला, उगीचच भोंगा वाजवला आणि दूध भरून वेळेवर गेले. असा आनंदाचा दिवस कातरवाडीत मी दुसरा बघितला नाही. साहेब जाताना म्हणाले, काम पसंत आहे, फाईल पुढं पाठवतो, नुसता एक किरकोळ कागद जोडायचा राहिला आहे. तर हे सगळं तुमच्या आशीर्वादानं आणि तुमच्या नकाशानं झालं हे मी सगळ्यांना सांगते आहे. सवड काढून एकदा आवार बघायला या. आल्यावर वहाणा वरच्या पायरीवर काढा. कमीजास्त लिहिलं असेल तर धाकटी समजून पोटात घाला.

तुमची,
मथुरा

ता. क. तो किरकोळ कागद म्हणजे तुमचा नकाशा. साहेबांनी जायच्या आधी मागितला, मी मोठ्या अभिमानानं उलगडून दाखवला. त्यांनी बाण बघितला, मग विहीर बघितली, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "बाई, काम एकीकडं आणि कागद दुसरीकडं. अशी फाईल मला पाठवता येणार नाही. पंधरा दिवसांत कामाप्रमाणं नकाशा आणून द्या." तेव्हा दादा, हात जोडून विनंती एवढीच की तोच नकाशा परत काढून पाठवा, फक्त बाण विहिरीकडं करा. मी हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहिणार होते, पण तुमची मान दुखत होती.

ता. क. दुसरा, मंगळवार. आयुबभाईचा ट्रक नळदुर्गला मिस्त्रीकडं पडून आहे, त्यामुळं पत्र अजून माझ्याच उशाशी आहे. तेवढ्यात विचार केला की तुम्ही नाही म्हणाल. मला तुमचा स्वभाव ठाऊक आहे. आईचं रेशनकार्ड काढताना वय नक्की माहीत नाही म्हणून तुम्ही ती जागा कोरी ठेवलीत आणि आईला दोन महिने साखर मिळाली नाही. पण दादा, हे खोटं लिहिणं नाही. पाणी खरोखरच विहिरीकडं जातं, शंभर माणसांनी बघितलं आहे. उलट तुमचा पहिला नकाशाच आता खोटा झाला आहे. अकरा बायका आहेत, एका बाणाचा प्रश्न आहे. तुमच्या नियमात बसेल असं करा, पण करा.

ता. क. तिसरा, सोमवार, २१ तारीख. आता तुम्ही काही करू नका. झालं असं की ११ तारखेच्या शुक्रवारी, म्हणजे हे पत्र लिहायला बसण्याच्या दोन दिवस आधी, मी चार ओळींची चिठ्ठी आयुबभाईबरोबर वहिनीला पाठवली होती. (हे पत्र लांबलं, चिठ्ठी आटोपशीर होती. तुमच्या बाणाची आणि पायताणांची हकिगत तीत होती.) बहात्तरला तलावावर माझ्या शेजारी बसून खडी कोण फोडत होतं ते तुम्ही विसरला असाल, तुमच्याशी लग्न व्हायच्या आधीची गोष्ट आहे. परवा टपालानं वहिनीचं पाकीट आलं. आत पोराच्या गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद, त्यावर अख्खं आवार, मापासकट, रेघा अगदी तुमच्यासारख्या, आणि विहिरीकडं हा एवढा मोठा बाण. तुमच्या खांद्यावरून बघत बघत तिनं सगळं उचललंय आणि तुम्हाला पत्ता नाही. शिवाय कचेरीच्या वरच्या अंगाला तिनं एक दगडी कट्टा दाखवला आहे आणि त्यावर लिहिलं आहे, 'पायताणांची जागा'. तो कट्टा आम्ही काल एका दिवसात बांधून टाकला, म्हणजे काम नकाशाला जुळलं. खाली सहीच्या जागी तुमचं नाव तिनं घातलेलं नाही, तुम्हाला चालणार नाही हे तिला ठाऊक आहे. तिनं लिहिलंय: नकाशा काढणार, सौ. सिताबाई श्रीपती सरवदे, अनुभव, खडी फोडणे, सन १९७२-७३. आज आम्ही अकरा जणी तो कागद घेऊन तालुक्याला गेलो. साहेबांनी वाचला, कट्ट्यापाशी आल्यावर मोठ्यानं हसले, आणि शिक्का मारला. फाईल माझ्यासमोर पुढं गेली, दादा. वर आमची अकरा जणींची नावं आहेत, पूर्ण नावं.

साहेबांनी जाता जाता विचारलं की खरेदी-विक्री संघाच्या गोदामापुढंही असंच आवार करायचं आहे, तुमच्या इंजिनियरला वेळ आहे का. मी म्हटलं विचारून सांगते. तेव्हा दसऱ्यानंतर आठ दिवस वहिनीला इकडं पाठवून द्या. तिच्याबरोबर तुम्ही आलात तरी चालेल.